परदेशी नात आणि घरातील आजी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाची संहिता)



आपल्या ट्रस्टची स्थापना झाली त्या वेळी मी शाळकरी विद्यार्थी होतो. मंदिरजीच्या आवारात सतरंज्या अंथरणे आणि पाण्याचे पिंप गाळून भरून ठेवणे हे काम आम्हा मुलांकडे असे. त्याच संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आज मला ध्वनिक्षेपकासमोर उभे करण्यात आले, हा मी माझा बहुमान समजतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सोलापुरात वडिलांनी घालून दिलेल्या कापडाच्या दुकानात तागे उलगडण्यात आणि कीर्द-खतावणी लिहिण्यात माझे आयुष्य गेले. व्याख्यान देण्याचा मला सराव नाही. त्यामुळे तत्त्वचर्चा विद्वानांकडे सोपवून, माझ्या घरात जे घडले तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘परदेशी गेलेली नातवंडे आणि घरातील वडीलधारी मंडळी’. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची मुले, नातवंडे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी आहेत. मुलांच्या प्रगतीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु संध्याकाळी भोजन आटोपून ओट्यावर बसलेल्या आजीच्या मनात काय चालले आहे, याचा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपणा सर्वांस ठाऊक आहे, तरी आजच्या विषयासाठी तिचे स्मरण आवश्यक आहे. मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या मातोश्री पुतळीबाई यांचे मन तयार होईना. परदेशात मुलगा आचार-विचार सांभाळील का, ही त्यांची चिंता. त्या वेळी बेचरजी स्वामी नावाचे जैन साधू त्या कुटुंबाचे सल्लागार होते. त्यांनी मोहनदासांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मग मातेने अनुमती दिली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास मुंबईहून आगबोटीने निघाले. ही प्रतिज्ञेची गोष्ट आपण आपल्या मुलांना नेहमी सांगतो. पण तिचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. मोहनदास विलायतेत असतानाच पुतळीबाईंचे निधन झाले. परमुलखात मुलाला धक्का बसू नये, म्हणून थोरल्या बंधूंनी ती वार्ता त्यांना कळवली नाही. १८९१ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांना ती समजली. आईच्या भेटीची ओढ घेऊन आलेल्या मुलाला आई नाही, एवढेच नव्हे तर ती केव्हाच गेली, हे एकाच वेळी कळले.

बंधूंचा हेतू प्रेमाचाच होता, याविषयी कोणाला शंका नाही. परंतु प्रेमापोटी लपवावे की प्रेमापोटी सांगावे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे. माझ्या आजच्या बोलण्याचा विषयही तोच आहे. कारण या बाबतीत मी स्वतः दोषी आहे.

माझ्या या दोषाचा आरंभ फार जुना आहे. १९८४ साली माझे एक चुलतबंधू उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. आमच्या घरातून सातासमुद्रापार जाणारे ते पहिलेच. त्या काळी घरात दूरध्वनी नव्हता. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. अमेरिकेशी बोलणे ही तर केवळ मृत्यूच्या वा लग्नाच्या प्रसंगी करावयाची गोष्ट. मग उरे ते निळ्या रंगाचे, तिन्ही बाजूंनी दुमडून चिकटवलेले हवाई पत्र. ते यायला पंधरा-वीस दिवस लागत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पत्र वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. एका पत्रात चुलतबंधूंनी लिहिले होते की, बर्फावर पाय घसरून मनगटाचे हाड मोडले आहे आणि हे पत्र मित्राकडून लिहवून घेतले आहे. मी तेवढ्या ओळी गाळून उरलेले पत्र वाचले. आजी म्हणाली, “आज पत्र लवकर संपलं.” मी काहीच बोललो नाही. आजीला वाचता येत नव्हते, पण कागदावर किती मजकूर आहे हे तिला दिसत होते. पुढे दोन-तीन वेळा तिने ते पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले आणि प्रत्येक वेळी मी त्याच ओळी गाळल्या. आजी गेली तोवर ती गोष्ट मी तिला सांगितली नाही.

त्यानंतर साधने भराभर बदलली. नव्वदच्या दशकात चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे पीसीओ आले. भिंतीवरच्या यंत्रात लाल आकडे पळू लागले की बोलणारा घाईने ‘बरं, ठेवतो’ म्हणे. २००३ मध्ये स्काइप आले आणि पुढे त्यावर संगणकासमोर बसून माणूस दिसू लागला. ते स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. २०१६ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रफोनाची सोय झाली आणि आजींच्या हाती मोबाइल आला. ज्या कामासाठी आमच्या आजीला वीस दिवस थांबावे लागे, ते आता दोन सेकंदांत होऊ लागले. ओळी गाळण्याची माझी सवय मात्र तशीच राहिली.

आता माझ्या घरातील मुख्य हकिकत सांगतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये माझी धाकटी कन्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी गेली. तेव्हा माझ्या मातोश्रींचे वय ८१ होते. नातीच्या जाण्याची तयारी त्यांनी आपल्या हाती घेतली. कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगाचटणी, भाजणी, मेतकूट असे जिन्नस सिद्ध झाले. घरी कढवलेल्या तुपाचा डबाही त्यांनी भरून ठेवला होता. परंतु युरोपीय संघातील देशांत बाहेरून दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे, हे कळल्यावर तो डबा मागे राहिला. त्याचे त्यांना वाईट वाटले. मग त्यांनी दुकानातून निळ्या चौकड्यांचे सुती कापड मागवले आणि स्वतःच्या हाताने दोन उशांचे अभ्रे शिवले. एका सोलापुरी चादरीसह ते अभ्रे पेटीत गेले. “तिथं उशी कोणाची का असेना, डोकं टेकशील ते आपल्या कापडावर,” असे त्या नातीला म्हणाल्या. या अभ्र्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

सुरुवातीचे काही महिने संपर्क फार होता, पण संवाद थोडा होता. रोज फोन येई. “जेवलीस का?” “जेवले.” “थंडी आहे का?” “आहे.” “तब्येत?” “बरी.” एवढे झाले की दोघीही गप्प बसत आणि मी मध्येच ‘नेटवर्क गेले’ म्हणून सुटका करीत असे. यातून मार्ग त्या दोघींनीच काढला. जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथे घड्याळे फिरवतात. आमच्या दिवाणजींनी मातोश्रींच्या खोलीत दुसरे घड्याळ टांगून दिले आणि त्याखाली ‘नात’ अशी चिठ्ठी चिकटवली. वर्षातून दोनदा ते काटे फिरवण्याचे काम त्यांनी आजतागायत चुकवलेले नाही. रविवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे तिच्याकडे सकाळी नऊ किंवा दहाला, निवांत फोन करायचा असे ठरले. त्या फोनला काहीतरी कामही असावे, असेही ठरले. एका रविवारी आजीने थालीपीठ थापायला शिकवावे, दुसऱ्या रविवारी नातीने आपण आणलेली पाकिटे दाखवावीत. आपल्याकडे शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावर हिरवे चिन्ह असते. तिकडे तसे सक्तीचे चिन्ह नाही. त्यामुळे घटक पदार्थांची यादी वाचावी लागते. गोळ्यांमध्ये जिलेटिन असते, काही चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असते, ही माहिती आमच्या मातोश्रींना हॅम्बुर्गच्या दुकानातील पाकिटांवरून झाली. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीने नातीकडून असे पंधरा-वीस जर्मन शब्द वहीत देवनागरीत उतरवून घेतले. ती वही आजही त्यांच्याजवळ आहे.

याच काळात रात्रिभोजनाचा प्रश्न उपस्थित झाला. हॅम्बुर्ग बरेच उत्तरेकडे आहे. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास. उन्हाळ्यात अडचण नव्हती. परंतु हिवाळ्यात तिचे तास सायंकाळी सहापर्यंत चालत. मला कोणी विचारले की मी सांगत असे, “आमची मुलगी तिथंही सगळं पाळते.” मातोश्रींनाही मी तेच सांगितले होते. एका रविवारी नातीने स्वतःच आजीला सांगितले, “आजी, हिवाळ्यात माझ्याकडून होत नाही. मी रात्री सातला जेवते.” मी शेजारच्या खोलीत होतो, माझा श्वास अडकला. मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नियम झेपेल तेवढाच घ्यावा. सुट्टीच्या दिवशी पाळ. पण पाळला नाही त्या दिवशी पाळला असं कोणाला सांगू नकोस.” तो धडा नातीने घेतला. तिच्या बापाने घेतला नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाचे संकट आले. २३ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली, ती थेट २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात विशेष विमाने जात-येत होती, पण सर्वसामान्यांसाठी प्रवास अवघडच होता. अशा दिवसांत, ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, पहाटे कन्येच्या मैत्रिणीचा फोन आला. पोटात तीव्र वेदना सुरू झाल्याने कन्येला इस्पितळात नेले होते. आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली. ती सुखरूप पार पडली. परंतु ते चोवीस तास आम्ही पती-पत्नींनी कसे काढले, हे आम्हालाच ठाऊक.

मातोश्रींना काहीही सांगायचे नाही, हा निर्णय मी एकट्याने घेतला. त्यांचे वय ८३, रक्तदाबाचा त्रास, शिवाय दशलक्षण पर्व तोंडावर आलेले. मी त्यांना सांगितले की, नात कामानिमित्त बाहेरगावी गेली आहे, तिथे नेटवर्क मिळत नाही. पत्नीला मी बोलू दिले नाही. आणि शुद्धीवर आलेल्या मुलीलाही मीच पढवले, “आजीला काही कळू देऊ नकोस. कॅमेरा चेहऱ्यावरच ठेव.” तिसऱ्या दिवशी तिने इस्पितळातील खाटेवरून आजीशी दोन मिनिटे हसतमुखाने बोलणे केले. मी मनात म्हटले, निभावले.

त्या वर्षी महाराष्ट्रातील मंदिरे ७ ऑक्टोबरला उघडली. त्यामुळे पर्युषण आणि क्षमावाणी आम्ही घरीच साजरी केली. भाद्रपद वद्य प्रतिपदेच्या दिवशी, प्रतिवर्षीप्रमाणे, मी मातोश्रींच्या चरणी मस्तक ठेवून म्हटले, “आई, वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा कर.”

मातोश्रींनी नेहमीप्रमाणे डोक्यावर हात ठेवला नाही. त्या म्हणाल्या, “अजाणतेचं राहू दे. ते मी केव्हाच सोडलं. जाणतेचं काय ते आधी सांग.”

मी म्हटले, “कसलं?”

त्या म्हणाल्या, “त्या दिवशी तिच्या डोक्याखालची उशी आपली नव्हती. पांढरी होती, वर छापलेली अक्षरं होती. मी शिवलेला अभ्रा मला ओळखू येणार नाही का? अशी उशी इस्पितळात असते. तीन आठवडे मी रोज विचार करते आहे की, काय झालं असेल आणि किती मोठं असेल, की माझ्या मुलाला मला सांगवत नाही.”

बंधू-भगिनींनो, मी ज्या तीन आठवड्यांत निर्धास्त होतो, त्या तीन आठवड्यांत माझी वृद्ध माता रोज रात्री एकटी त्या उशीचा अर्थ लावीत होती. आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया हे सत्य होते. ते एका दिवसाच्या चिंतेचे होते. परंतु न सांगितल्यामुळे त्यांनी मनात कर्करोगापासून अपघातापर्यंत सर्व काही कल्पून पाहिले होते. मला विचारले नाही, कारण मी पुन्हा खोटे बोलेन आणि पर्वाच्या दिवसांत ते पाप माझ्या माथी येईल, अशी त्यांना भीती वाटली. मी त्यांना जपत होतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात त्याच मला जपत होत्या.

मी सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, नातीला फोन लावायला सांगितले आणि तिला पहिला प्रश्न विचारला, “टाके दुखतात का गं?” पलीकडे नात ओक्साबोक्शी रडू लागली. दुखणे तिने सोसले होते, पण आजीशी हसून बोलल्याचे ओझे तिला सोसवत नव्हते. ते फोन ठेवल्यावर तिने आम्हाला सांगितले. त्यानंतर मातोश्रींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आम्हा व्यापाऱ्यांना ताळेबंद कळतो. एखादे देणे ताळेबंदातून वगळले म्हणून ते फिटत नाही. उलट व्याज चढत राहते आणि ज्या दिवशी उघडकीस येते त्या दिवशी पेढीची पत जाते. घराची पतही अशीच असते. ‘सगळे ठीक आहे’ हे वाक्य माझ्या तोंडून त्या दिवसापर्यंत शेकडो वेळा गेले होते. एका उशीने त्या सर्व वाक्यांची किंमत शून्य करून टाकली.

त्या दिवशी आमच्या घरात एक नियम झाला. आजारपण, अपघात, नापास होणे, नोकरी जाणे, कोणतीही वाईट बातमी त्याच दिवशी, दोन्ही बाजूंना, जशी असेल तशी सांगायची. सांगताना धीर द्यायचा, पण वगळायचे नाही. पुढच्याच वर्षी मातोश्री न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याला मार बसला. माझ्या ओठांवर जुने वाक्य आले, “तिला परीक्षेनंतर कळवू.” मातोश्री खाटेवरून म्हणाल्या, “आत्ता लाव फोन.” नातीने परीक्षा दिली. डॉक्टरांचे म्हणणे रोज विचारले आणि रोज संध्याकाळी आजीला व्यायामाची आठवण केली. आजी तिच्या भीतीने का होईना, काठी घेऊन चालू लागल्या.

या नियमाचा उपयोग केवळ मनःशांतीपुरताच झाला असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका दुपारी तीनच्या सुमारास मातोश्रींच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणारा हिंदीत म्हणाला की, आपल्या नातीला परदेशात पोलिसांनी पकडले आहे, तासाभरात दोन लाख रुपये भरले नाहीत तर तुरुंगात टाकतील. मागून ‘आजी, आजी’ असा रडणाऱ्या मुलीचा आवाजही ऐकवला. आजकाल यंत्राच्या साहाय्याने कोणाचाही आवाज तयार करता येतो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. शेवटी तो म्हणाला, “मुलाला सांगू नका, त्याला धक्का बसेल.” मातोश्रींनी उत्तर दिले, “आमच्या घरात असं लपवत नाहीत,” आणि फोन बंद करून दुकानात फोन लावला.

मी दहा मिनिटांत घरी पोहोचलो. त्यांचे हात थरथरत होते. हॅम्बुर्गमध्ये सकाळचे साडेदहा वाजले होते आणि नात फोन उचलत नव्हती. शिक्षण पूर्ण करून ती आता तेथेच नोकरी करते. ती बैठकीत होती, हे नंतर कळले. ती पन्नास मिनिटे आम्ही देव्हाऱ्यासमोर बसून णमोकार मंत्र म्हणत काढली. अखेर तिचा फोन आला आणि सर्व कुशल असल्याचे समजले. रात्री मातोश्री मला म्हणाल्या, “चार वर्षांपूर्वी हा फोन आला असता तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता. मला वाटलं असतं, खरं काय ते हाच सांगतो आहे, घरचे नेहमीप्रमाणे लपवताहेत.” हे वाक्य मी आपल्यापासून लपवू शकलो असतो. पण आज ते सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे. आपण प्रेमाने जे दार बंद करतो, त्याच्या बाहेर आपली माणसे एकटी पडतात आणि फसवणारा नेमका त्या एकट्या माणसाला गाठतो.

आता अनुभवातून सुचलेल्या चार गोष्टी सांगून माझे भाषण संपवतो.

पहिली गोष्ट वेळेची. वडीलधाऱ्यांसाठी फोनचा वार आणि वेळ ठरवून द्यावी. ‘सवड मिळाली की करीन’ या आश्वासनावर आजी दिवसभर फोन पदराखाली घेऊन बसते. आठवड्यातून एकदा, पण ठरलेल्या वेळी, हे रोजच्या घाईच्या फोनपेक्षा अधिक सुख देते. परदेशी घड्याळाचे एक स्वतंत्र घड्याळ त्यांच्या खोलीत लावावे, त्याला फारसा खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट कामाची. ‘जेवलीस का’ पलीकडे संभाषण न्यायचे असेल तर दोघांनी मिळून करण्याचे काहीतरी हवे. पाककृती, एखादे स्तोत्र, गावाच्या जुन्या आठवणी, जे जमेल ते. शिवाय नातवंडांनी वर्षातून एकदा तरी हाताने मराठीत पत्र लिहावे. क्षमावाणीला आपण भ्रमणध्वनीवर एकच छापील चित्र शंभर जणांना पाठवतो. त्यातील निदान एक क्षमापत्र आजीसाठी स्वहस्ते लिहावे. आमच्या मातोश्री नातीचे पत्र भिंगातून दहा वेळा वाचतात. ते वाचून दाखवायला कोणी लागत नाही आणि कोणाला ओळी गाळताही येत नाहीत.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. प्रत्येक कुटुंबाने एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. संकटाचा फोन आला तर प्रथम तो शब्द विचारावा. आमचा शब्द आम्ही त्या डिसेंबरनंतर ठरवला, आपण आधीच ठरवावा. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर क्षणाचाही विलंब न करता कळवावे. पैसे गेले नसले तरी अशा फोनची नोंद दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत करता येते. आपल्या ट्रस्टच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी तरुणांनी ज्येष्ठांना भ्रमणध्वनी वापरण्याचे शिक्षण द्यावे, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. त्यासाठी लागणारा चहा-पाण्याचा वर्षभराचा खर्च माझ्या दुकानातर्फे स्वीकारावा.

चौथी गोष्ट मी आधीच सांगितली आहे. वृद्धांना सत्य सांगावे. ज्यांनी आपल्याला वाढवताना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक दुःखे पाहिली, त्यांना आपण दुःख सोसण्यास असमर्थ समजतो, ही आपली गैरसमजूत आहे. सत्य आणि अहिंसा ही आपल्या अणुव्रतांतील पहिली दोन व्रते. अहिंसेसाठी असत्य बोलतो असे मी मनाला समजावत होतो. परंतु त्या तीन आठवड्यांत माझ्या हातून दोन्हींचाही भंग झाला, हे मी आज सर्वांसमक्ष मान्य करतो.

माझ्या मातोश्री आज वयाच्या ८७ व्या वर्षी या सभेत पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे भाषण करण्यापूर्वी मी त्यांची अनुमती घेतली. त्यांनी एकच अट घातली, “उशीचं सांगायचं तर आजीच्या पत्राचंही सांग.” १९८४ सालची ती गाळलेली ओळ त्यांनाही मी अलीकडेच सांगितली होती. तेव्हा त्या थोड्या वेळाने म्हणाल्या होत्या, “तुझ्या आजीला ठाऊक होतं. तू झोपल्यावर त्यांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं होतं.”

चाळीस वर्षे ज्या ओळींचे ओझे मी वाहिले, त्या माझ्या आजीने त्याच रात्री ऐकल्या होत्या. तरीही तिने मला पुढे दोन-तीन वेळा ते पत्र वाचायला लावले. मी आपणहून ती ओळ वाचतो का, याची बहुधा ती वाट पाहत असावी.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास, जाणतेपणी वा अजाणतेपणी, मनःपूर्वक क्षमा मागतो.

जय जिनेंद्र!